कचारगडच्या गुहेतला प्रतिध्वनी आणि इंजिनिअरिंगचा ‘अवघड’ पेपर: सिग्नल प्रोसेसिंग समजून कसं घ्यायचं?

इलेक्ट्रॉनिक्स किंवा टेलिकम्युनिकेशन शाखेत साधारण दुसऱ्या वर्षाला ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’ हा विषय येतो. त्याच्या मागोमाग त्याचा थोरला भाऊ येतो, ‘डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग’, म्हणजेच डीएसपी. वर्गात शिरण्याआधीच सीनियर मंडळी सल्ला देऊन मोकळी होतात: सूत्रं पाठ कर, गणितं ठरलेली येतात, पेपर निघून जाईल.

पेपर खरंच निघतो, विषय मात्र तिथेच राहतो. चार वर्षांनी मुलाखतीत कुणी विचारलं की ‘कन्व्होल्यूशन म्हणजे काय?’, तर चिन्हांनी भरलेलं एक सूत्र आठवतं आणि पुढे शांतता.

हे गणित आज तुमच्या खिशात आहे. फोनवरचा आवाज, गाणं, फोटो, ईसीजीचा कागद, बोललेलं टाइप करून देणारं अ‍ॅप, सगळं त्याच्यावर चालतं. म्हणून या विषयाच्या पायाभूत गोष्टी सूत्रांआधी कानाने आणि डोळ्याने कशा समजून घ्यायच्या, ते पाहू. त्यासाठी जाऊ गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, कचारगडला.

कचारगडच का?

दरेकसा रेल्वे स्टेशनजवळ, धनेगावच्या बाजूने डोंगर चढून गेलं की कचारगडची मोठी नैसर्गिक गुहा लागते. गोंड समाजाचं हे श्रद्धास्थान. दरवर्षी माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे यात्रा भरते. महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून भाविक येतात. गोंडी परंपरेतल्या कथेनुसार या गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या पुढाकाराने झाली आणि त्यात हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताचाही वाटा होता.

या कथेला कुणी ‘प्राचीन विज्ञानाचा पुरावा’ म्हणून फॉरवर्ड करू नये. ती एका समाजाची पवित्र कथा आहे आणि तेवढं पुरेसं आहे. पण गुहा, वाद्य आणि आवाज हे तिन्ही जिथे एकत्र येतात, ती जागा सिग्नल प्रोसेसिंग समजावून सांगायला उत्तम.

एक टाळी काय काय सांगते?

मोकळ्या रानात टाळी वाजवा. ‘टप्’ असा आवाज येतो आणि संपतो. तीच टाळी मोठ्या गुहेत वाजवली की आधी टाळी ऐकू येते, मग समोरच्या भिंतीवरून परतलेली, मग छतावरून, मग कोपऱ्यातून. शेवटी सगळं मिसळून एक लांबत जाणारी शेपटी उरते.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. समोरची भिंत १७ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३४ मीटर, म्हणजे प्रतिध्वनी सुमारे ०.१ सेकंदाने परततो. कोणता प्रतिध्वनी किती उशिरा आणि किती जोरात आला, याची नोंद केली की तुमच्याकडे त्या गुहेची ‘सही’ येते. पुस्तकात तिला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. इम्पल्स म्हणजे क्षणभराचा झटका, आपली टाळी. रिस्पॉन्स म्हणजे त्या झटक्याला गुहेने दिलेलं उत्तर.

या विषयाची मोठी गंमत इथेच आहे. एका टाळीचं उत्तर माहीत झालं की त्या गुहेत ढोल कसा ऐकू येईल, माणसाचं बोलणं कसं ऐकू येईल, हे गुहेत न जाता काढता येतं. कारण कोणताही आवाज म्हणजे लहान-मोठ्या टाळ्यांची एकामागोमाग लागलेली रांग, असं मानता येतं. प्रत्येक टाळी आपापली शेपटी घेऊन येते. सगळ्या शेपट्यांची बेरीज म्हणजे तुम्हाला ऐकू येणारा आवाज.

ही बेरीज म्हणजेच कन्व्होल्यूशन.

कन्व्होल्यूशन: चार आकड्यांत

समजा गुहेची सही आहे ४, २, १. म्हणजे एक जोराची टाळी वाजवली तर पहिल्या क्षणी ४ इतका आवाज, दुसऱ्या क्षणी २, तिसऱ्या क्षणी १ आणि मग शांतता.

आता ढोलावर दोन थाप पडल्या. पहिली १ जोराची, पुढच्याच क्षणी दुसरी ३ जोराची.

पहिल्या थापेचं उत्तर: ४, २, १, ०.
दुसऱ्या थापेचं उत्तर एक क्षण उशिरा सुरू होतं आणि तिप्पट असतं: ०, १२, ६, ३.
बेरीज: ४, १४, ७, ३.

झालं कन्व्होल्यूशन. यात कुठेही काही ‘उलटं’ केलं नाही, हे लक्षात घ्या. पण वर्गात मात्र हा विषय सुरू होतो तो ‘एक सिग्नल उलटा करा, सरकवा, गुणा, मिळवा’ या मंत्राने. मी ज्या कॉलेजात शिकलो तिथेही फळ्यावर हाच मंत्र होता. उलटा का करायचा, असं कुणी विचारलं तर उत्तर होतं, ‘सूत्रच तसं आहे’.

उत्तर खरं तर साधं आहे. वरच्या बेरजेतला तिसरा आकडा घ्या, ७. त्या क्षणी तुमच्या कानावर काय काय येतंय? पहिल्या थापेला दोन क्षण झाले, म्हणून तिच्या उत्तरातला तिसरा आकडा, १ गुणिले १. दुसऱ्या थापेला एकच क्षण झालाय, म्हणून तिच्या उत्तरातला दुसरा आकडा, ३ गुणिले २. एकूण ७. जी थाप जितकी जुनी, तितका तिच्या शेपटीचा पुढचा भाग. थापा जुन्याकडून नव्याकडे मोजल्या की सहीचे आकडे शेवटाकडून सुरुवातीकडे येतात. तो ‘उलटा’ एवढ्यासाठीच.

हे कळायला दहा मिनिटं लागतात. अख्ख्या सेमिस्टरमध्ये ही दहा मिनिटं कुणी काढत नाही, हे मला या विषयाचं खरं दुखणं वाटतं.

यात्रेच्या दिवशी हे गणित का चुकेल?

वरचा हिशेब दोन अटींवर उभा आहे. पहिली अट: थाप दुप्पट जोरात मारली तर उत्तरही दुप्पट आलं पाहिजे आणि दोन थापांचं एकत्र उत्तर हे त्यांच्या वेगवेगळ्या उत्तरांची बेरीज असलं पाहिजे. याला लिनिअर म्हणतात. दुसरी अट: आज वाजवलेल्या आणि दहा मिनिटांनी वाजवलेल्या टाळीला गुहेने सारखंच उत्तर दिलं पाहिजे. याला टाइम-इन्व्हेरिअंट म्हणतात. परीक्षेत ‘एलटीआय सिस्टिम’ लिहून दोन गुण मिळतात ती हीच.

आता माघ पौर्णिमेला जागा माणसांनी भरली की काय होईल? माणसं आणि कपडे आवाज शोषून घेतात. रिकाम्या गुहेची लांब शेपटी गर्दीत आखूड होते. म्हणजे सिस्टिमच बदलली, रिकाम्या गुहेची सही वापरून चालणार नाही. कोणत्याही गावातल्या कीर्तनाच्या मांडवाला हेच लागू आहे. सकाळी रिकाम्या मांडवात लावलेला साउंड रात्री गर्दीत वेगळा लागतो, हे साउंडवाल्याला डिग्रीशिवाय माहीत असतं.

आणि भोंगा? आवाज वाढवत नेला की एका टप्प्यानंतर तो मोठा होत नाही, फाटतो. इनपुट दुप्पट, पण आउटपुट दुप्पट नाही. सिस्टिम लिनिअर राहिली नाही. पुस्तकातल्या ‘नॉन-लिनिअर सिस्टिम’ला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

फोन आवाज ‘मोजतो’ म्हणजे काय करतो?

आवाज सलग असतो, फोनला मात्र आकडे लागतात. म्हणून फोन ठरावीक अंतराने आवाजाची उंची मोजतो. हे सॅम्पलिंग. सीडीवरचं गाणं सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेलं असतं. पारंपरिक डिजिटल टेलिफोनीत हा आकडा ८,००० आहे. तिथे प्रत्येक मापाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. ८,००० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. टेलिफोन जगतातला प्रसिद्ध ‘६४ केबीपीएस’ इथून आला.

किती वेळा मोजलं म्हणजे पुरेसं? आवाजातल्या सर्वांत वेगवान कंपनाच्या दुपटीहून जास्त. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तारयंत्रणेच्या संदर्भात या विचाराचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात तो सिद्धांत म्हणून नेटका मांडला.

नियम मोडला तर काय होतं, हे फोनच्या कॅमेऱ्यात दिसतं. फिरत्या पंख्याचा किंवा गाडीच्या चाकाचा व्हिडिओ काढा. कधी कधी चाक उलटं फिरताना दिसतं. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो आणि चाकावरची एक खूण सेकंदाला २९ फेऱ्या मारते, असं समजा. प्रत्येक चित्रात ती खूण पूर्ण फेरीला थोडी कमी पडलेली दिसते. डोळ्याला वाटतं, चाक सेकंदाला एक फेरी उलट्या दिशेने मारतंय. याला अलायसिंग म्हणतात. आवाजातही तेच: ७,००० हर्ट्झचा सूर सेकंदाला ८,००० वेळा मोजला तर तो १,००० हर्ट्झचा सूर म्हणून नोंदला जातो. आणि एकदा नोंदला गेला की खरा कुठला, खोटा कुठला, हे त्या आकड्यांवरून ओळखता येत नाही. म्हणून जास्त वेगाची कंपनं मोजमापाच्या आधीच गाळावी लागतात, नंतर नाही. हा क्रम व्हायव्हात हमखास विचारतात.

फोनवर नाव सांगताना ‘स, सशाचा स’ असं का सांगावं लागतं, त्याचं कारणही यातच दडलंय. ‘स’सारख्या ध्वनींची बरीचशी ताकद ४,००० हर्ट्झच्या वर असते आणि साध्या कॉलमध्ये तो भाग कापलेला असतो.

फूरिए: आवाजाची फोड

फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए उष्णता धातूतून कशी पसरते याचा अभ्यास करत होते. १८०७ मध्ये त्यांनी मांडलेली कल्पना अशी: कोणतीही आवर्ती लाट ही साध्या, गोलाईदार लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते. तेव्हाच्या मोठ्या गणितींना ती पटली नव्हती. पुस्तक यायला १८२२ उजाडलं.

तबल्याचं उदाहरण घ्या. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली की निघणाऱ्या कंपनांचं एकमेकांशी पूर्णांकी नातं नसतं, म्हणून तो आवाज सुरेल न वाटता नुसता ‘धब्’ वाटतो. तबल्याच्या शाईमुळे मात्र ही कंपनं जवळपास एक, दोन, तीन, चार अशा पटीत येतात आणि तबला सुरात लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये याबद्दल लिहिलं होतं. आज हा प्रयोग कुणालाही करता येतो. ‘फायफॉक्स’ हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं मोफत अ‍ॅप फोनच्या माइकमधून आलेल्या आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवतं. तबला, ढोलकी, स्टीलचं ताट आणि बासरी, चारही वाजवून बघा. कुणाची शिखरं समान अंतरावर येतात आणि कुणाची अस्ताव्यस्त, ते पाहा. फूरिए ट्रान्सफॉर्म डोळ्याला दिसतो तो असा.

फोनवर हे चटकन होतं त्याचं श्रेय १९६५ च्या एका निबंधाला जातं. जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांनी फूरिएचा हिशेब झटपट करण्याची पद्धत मांडली, एफएफटी. (कार्ल गाउस यांच्या वहीत ती दीडशे वर्षं आधीच होती, हे नंतर लक्षात आलं.) १,०२४ मापांसाठी सरळ पद्धतीने दहा लाखांहून अधिक गुणाकार लागतात. नव्या पद्धतीने हे काम साधारण दहा हजारांच्या घरात येतं. शंभरपट बचत.

आणि हे फक्त आवाजापुरतं नाही. पुण्याच्या उत्तरेला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एकेक फूरिए घटक मोजते आणि मग उलटं गणित करून चित्र तयार होतं. पेपरात दहा गुणांना येणारा प्रश्न तिथे दीर्घिकांचे नकाशे काढतो.

फिल्टर, लाप्लास, झेड

फिल्टर म्हणजे हवं ते ठेवणं, नको ते गाळणं. ईसीजी घेताना घरगुती विजेची ५० हर्ट्झची घरघर रुग्णाच्या सिग्नलमध्ये मिसळते. सेकंदाला ५०० मापं घेतली असतील तर सलग १० मापांची सरासरी घेत जा. ५० हर्ट्झचं एक आवर्तन बरोबर १० मापांत बसतं आणि त्याची सरासरी शून्य येते. घरघर गायब! पण त्याच सरासरीने हृदयाच्या ठोक्याचं टोकदार शिखरही बोथट होतं आणि डॉक्टरला तेच टोक पाहायचं असतं. फिल्टर डिझाइनचा अख्खा धडा या ओढाताणीवर आहे.

लाप्लास आणि झेड ट्रान्सफॉर्म ही फूरिएची विस्तारित भावंडं. पहिलं सलग सिग्नलसाठी, दुसरं मोजलेल्या आकड्यांसाठी. सिस्टिमचं उत्तर विरत जाणार की वाढत वाढत कर्कश होणार, हे त्यातून कळतं. माइक स्पीकरसमोर नेल्यावर कानठळ्या बसवणारी शिट्टी येते ना, ती दुसऱ्या प्रकारातली.

या विषयातला आपला माणूस

देशात आणि परदेशात लाखो विद्यार्थ्यांनी ज्यांची पुस्तकं वापरली ते बी. पी. लाठी मूळचे नांदेड जिल्ह्यातल्या भोकरचे. पुणे विद्यापीठातून इंजिनिअरिंग, मग अमेरिकेत इलिनॉय आणि स्टॅनफर्ड, पुढे कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो इथे प्राध्यापकी. त्यांचं ‘सिग्नल्स, सिस्टिम्स अँड कम्युनिकेशन’ हे पुस्तक १९६५ चं, म्हणजे एफएफटीच्याच वर्षीचं. लाठींची खासियत अशी की ते आधी कल्पना डोळ्यासमोर उभी करतात, सिद्धता मागून येते. लायब्ररीत त्यांचं ‘लिनिअर सिस्टिम्स अँड सिग्नल्स’ असेल तर गाइडऐवजी ते घ्या. ओपनहाइम आणि विल्स्की यांचं पुस्तक अधिक काटेकोर आहे, पण सुरुवातीला जड जातं, असं माझं मत.

व्हिडिओ हवे असतील तर एनपीटीईएलवर आयआयटी मुंबईचे प्रा. विक्रम गद्रे यांची व्याख्यानं मोफत आहेत. महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना नाही, ही अडचणही आता उरलेली नाही. ऑक्टेव्ह, सायलॅब आणि पायथन मोफत मिळतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीसह अनेक भारतीय भाषांत सॉफ्टवेअरचे धडे आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना या विषयात दुहेरी चढ असतो: गणिताचा आणि इंग्रजीचा. २०२१ मध्ये आठ राज्यांतल्या १४ कॉलेजांत मराठीसह पाच भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवण्याची घोषणा झाली. ते पाऊल योग्यच. पण ‘कन्व्होल्यूशन’ला मराठी प्रतिशब्द शोधण्यात वर्ष घालवण्यापेक्षा गुहेचं उदाहरण मराठीत सांगणं जास्त उपयोगी. शब्द इंग्रजी राहिला तरी चालेल, स्पष्टीकरण आपल्या भाषेत हवं.

एआय असताना हे शिकायचं कशाला?

हा प्रश्न आता हमखास येतो. बोललेलं ओळखणारं मॉडेल दोन ओळींच्या कोडमध्ये चालवता येतं, मग फूरिए कशाला? तर अशी वेळ येते म्हणून: मॉडेल सेकंदाला १६,००० मापांच्या आवाजावर शिकलेलं असतं. तुम्ही फोन कॉलचं ८,००० मापांचं रेकॉर्डिंग तसंच त्याला दिलं. मॉडेलच्या दृष्टीने ते दुप्पट वेगाने आणि एक सप्तक वरच्या पट्टीत बोललेलं असतं. उत्तर भलतंच येतं, पण कुठलाही एरर येत नाही. चूक कुठे आहे, हे ज्याला सॅम्पलिंग कळतं त्यालाच सापडेल.

कचारगडच्या परिसरात हा प्रश्न आणखी जवळचा आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा नोंदवणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक होते. लिहिलेला मजकूर कमी, बोललेली भाषा अफाट, अशा भाषेसाठी आवाज हाच मुख्य कच्चा माल. छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ने २०१० पासून साध्या फोनवरून गोंडीत बातम्या आणि तक्रारी नोंदवण्याची सोय केली. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतर अ‍ॅप आणलं. त्याच्या सुरुवातीच्या भाषांत संथाली, भिली आणि मुंडारीबरोबर गोंडी आहे, पण ती छत्तीसगडची. गोंडीची बोली मुलखागणिक बदलते. सालेकसा, देवरी, कोरचीकडच्या आजी-आजोबांचे आवाज त्यात यायचे असतील तर ते कुणीतरी नीट रेकॉर्ड करावे लागतील. ते ‘कुणीतरी’ गोंदिया-गडचिरोलीतल्याच एखाद्या कॉलेजचे विद्यार्थी असू शकतात. फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून विकत घेतलेल्या तयार किटपेक्षा हे काम कितीतरी मोलाचं.

करायचंच असेल तर काही साध्या गोष्टी. सेकंदाला निदान १६,००० मापं आणि १६ बिट ठेवा. बोलणाऱ्याची संमती आधी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर विसंबू नका, त्यात आवाज आकुंचित होताना बारकावे गळतात. रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये आवाज आपोआप वर-खाली करण्याची आणि गोंगाट दाबण्याची सोय असते, ती बंद करा. ती चालू राहिली तर सिस्टिम लिनिअर राहत नाही. टाळीचा प्रयोग करायचा तर आपल्या गावातली कोरडी टाकी, शाळेचा रिकामा हॉल किंवा जिन्याखालची जागा पुरते. कचारगडला फुगे किंवा फटाके फोडायला जाऊ नका. ते श्रद्धास्थान आहे, शिवाय अशा गुहांमध्ये वटवाघळं आणि आग्या मोहोळ असण्याचा धोका असतोच.

आणि यात्रेत गुहेजवळ घेतलेलं गोंडी गीतांचं रेकॉर्डिंग थेट मॉडेलला देऊ नका. त्यात गाणाऱ्याच्या आवाजावर गुहेची सही चढलेली असते, म्हणजे कन्व्होल्यूशन आधीच झालेलं असतं. ते उलटं सोडवून मूळ आवाज वेगळा काढण्याला डी-कन्व्होल्यूशन म्हणतात. गुहेची सही माहीत असेल तरी ते नाजूक काम असतं, माहीत नसेल तर फारच अवघड. त्यावर आजही संशोधन सुरू आहे.